ब्लूबेरीची पानं पिवळी का पडतात?

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत लाल माती आणि शेणखत घालून ब्लूबेरी लावली. पाणी बोअरचं. पानं पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्या. काय करू?
– एक वाचक, चिक्कडपल्ली, हैदराबाद

उत्तर : ही लोहाच्या कमतरतेची खूण. लोह मातीत असतंच, पण ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू लागतो. तो वर गेला की मुळांना लोह घेता येत नाही. बोअरचं जड पाणी रोज घातलं की सामू चढत जातो, म्हणून आधी पाणी बदला. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवा, ते उत्तम. रोप धुतलेल्या कोकोपीटमध्ये हलवा. राख, चुना, अंड्याची टरफलं अजिबात नकोत. खत म्हणून अमोनियम सल्फेट, अगदी थोडं.

जातही विचारून घ्या. थंड प्रदेशातल्या जातींना ७ अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते, ती हैदराबादेत मिळत नाही. ‘बिलॉक्सी’ किंवा ‘मिस्टी’ असेल तर आशा आहे. एप्रिल-मेमध्ये शेडनेट हवंच.

माझं स्पष्ट मत : शेजारी एक फालसा लावाच. दख्खनचं ऊन त्याला मानवतं.