सुतापासून मायक्रॉनपर्यंत : यंत्रकामातील अचूकपणा आणि उत्पादन

आपल्या संघाचे बहुसंख्य सभासद कापड, भुसार आणि भांडी यांच्या व्यापारात मुरलेले आहेत. तथापि बेळगाव परिसरात ओतशाळा व यंत्रशाळा वाढत गेल्या, तसतशी आपल्यापैकी काही कुटुंबांची पुढची पिढी लेथ, मिलिंग आणि आता सीएनसी यंत्रांकडे वळली आहे. या गावाला हा उद्योग परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान येथेच काढले, कडबा कापण्याची यंत्रे येथेच बनविली, आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास सभासदांपुढे ठेवणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

यंत्रशाळेच्या मालकांशी बोलताना एक समज वारंवार ऐकू येतो. अचूक काम करावयाचे तर वेळ लागतो, आणि वेळेवर माल द्यावयाचा तर थोडे इकडेतिकडे चालवून घ्यावे लागते. आमच्या मते हा समज मुळातच सदोष आहे. परत आलेल्या नगावर धातू, वीज, मजुरी आणि यंत्राचा वेळ हे सर्व खर्च झालेले असतात. मिळकत मात्र भंगाराच्या भावाची. अचूकपणा व उत्पादन यांची ज्या गोष्टींमुळे हानी होते, त्या बहुधा एकच असतात.

जुन्या कारागिरांचे माप ‘सूत’, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आज बेअरिंग बसवावयाच्या भोकासाठी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, म्हणजे मायक्रॉनने, बोलावे लागते. १०० मिलिमीटर व्यासाच्या भोकास एच-७ या नेहमीच्या श्रेणीत नेमक्या मापापेक्षा ० ते ३५ मायक्रॉन इतकेच अधिक होण्याची मुभा असते. एवढ्या अरुंद वाटेवर चालताना हवासुद्धा आड येते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयाच्या एका यंत्रशाळेतून अॅल्युमिनियमच्या घरांचा, म्हणजे ज्यांत बेअरिंग बसते अशा ओतीव भागांचा, एक मोठा माल बाहेरगावी गेला आणि जसाच्या तसा परत आला. भोक लहान आहे, असा शेरा होता. येथे प्रत्येक नग मोजला होता. सुमारे १० मायक्रॉन अधिक, म्हणजे मुभेच्या आत. तेथे तोच नग ७ मायक्रॉन उणा भरला. दोन्हीकडची मापने उत्तम, मोजणारे प्रामाणिक. तरीही पत्रव्यवहार चिघळला, पैसे अडकले, आणि जुना संबंध तुटण्याच्या बेतास आला. आपल्या वडीलधाऱ्यांनी तराजूच्या खरेपणावर पेढी चालविली. येथे तर तराजू दोन्हीकडे खरा होता!

याचे कारण साधे आहे. सर्व मोजमाप २० अंश सेल्सिअस तापमानास धरावे, असे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३१ साली ठरले. त्यापूर्वी इंग्लंडात ६२ अंश फॅरनहाइट, तर फ्रान्समध्ये शून्य अंश अशी निरनिराळी रीत होती. ग्राहकाची तपासणीची खोली थंड राखलेली, २० अंशांवर. येथील शेडमध्ये दुपारी ३५ अंश. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते, अॅल्युमिनियम सुमारे २३. पंधरा अंशांच्या फरकात १०० मिलिमीटरचे अॅल्युमिनियमचे भोक ३४ मायक्रॉनांहून थोडे अधिक मोठे होते, आणि ज्या पोलादी गेजवर माप लावले तो गेज १७ मायक्रॉन. उरलेले १७ मायक्रॉन गेजला दिसतात खरे, पण थंड खोलीत नाहीसे होतात. दहातून सतरा गेले म्हणजे उणे सात.

पुष्कळजण सांगतात, नग आणि गेज रात्रभर एकत्र ठेवा, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होईल. पोलादाच्या नगास हा उपाय पुरेसा आहे आणि यंत्रावरून नुकत्याच उतरलेल्या कोमट नगास तर तो आवश्यकच. परंतु धातू भिन्न असतील तर सारख्या तापमानानेही भागत नाही. तेथे हिशेब करून माप बदलावे लागते. वरील शेडमध्ये गेजवर १० ऐवजी २७ मायक्रॉन दाखवीपर्यंत भोक कापले असते, तर माल परत येता ना. अथवा गेज जुळविण्याची कडी त्याच अॅल्युमिनियमची करावी. यांपैकी कशासही नवे यंत्र लागत नाही. भिंतीवर एक तापमापक आणि त्याखाली एक कोष्टक पुरते.

दुसरी गोष्ट ताठरपणाची. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाची आपली सुधारणा १७६९ साली नोंदविली, पण मोठा सिलिंडर गोल कोरता येईना म्हणून ती वर्षानुवर्षे अडून राहिली. जॉन विल्किन्सनच्या १७७४ नंतरच्या यंत्रात कोरणारा दांडा सिलिंडरच्या आरपार जाऊन दोन्ही टोकांना आधारलेला होता. तेवढ्याने वॅटचे इंजिन बाजारात आले. एका बाजूनेच धरलेला दांडा लेथवर काम करताना वाकतो, आणि त्याचे वाकणे बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. बाहेरची लांबी निम्मी केली की वाकणे आठव्या हिश्शावर येते. मग भोक सरळ येते, थरथर थांबते आणि काप जाड घेता येतो. अर्थात वेळही वाचतो. तरी आपल्या कामगारांना, सवड नाही म्हणून, लांब दांडा तसाच लावताना आम्ही नेहमी पाहतो.

वेगाविषयी मात्र सावधगिरी हवी. फ्रेडरिक टेलरने सव्वीस वर्षे प्रयोग करून, आठ लक्ष पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस पाडून, १९०६ साली आपले निष्कर्ष मांडले. त्याच्या सूत्रानुसार कार्बाइडच्या टूलचा वेग वीस टक्क्यांनी वाढविला तर त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. हायस्पीड पोलादाचे तर चौथाईहूनही कमी उरते. बोथट टूल नगाचे माप हळूहळू सरकवते, आणि ते बदलण्यासाठी यंत्र थांबवावे लागते. घाईने मिळविलेली मिनिटे अशी परत जातात. यास्तव किती नगांनंतर टूल बदलावयाचे हे आधीच ठरवून यंत्राजवळ लिहून ठेवावे. ते झिजून काम बिघडेपर्यंत वाट पाहणे महागात पडते. सकाळी यंत्र रिकामे वीसेक मिनिटे फिरवून मगच पहिला नग लावावा. थंड आणि तापलेल्या स्पिंडलचे माप एक नसते.

ज्या सभासदांना स्वतः यंत्र चालवावयाचे नाही, केवळ माल करवून घ्यावयाचा आहे, त्यांनी नकाशावर गरजेपेक्षा कडक मुभा मागू नये. जेथे बेअरिंग बसत नाही तेथे मायक्रॉनचा आग्रह म्हणजे दुसऱ्याच्या वेळेचे पैसे आपणच मोजणे. मागणीपत्रात मात्र दर व मुदत यांच्याबरोबर तीन ओळी अवश्य असाव्यात : माप कोणत्या तापमानास धरले जाईल, कोणत्या गेजने मोजले जाईल, आणि त्या गेजची पडताळणी शेवटची केव्हा झाली. वाद उद्भवल्यास दोन्ही पक्षांनी एकाच खोलीत, एकाच गेजने नग मोजावा, हेही त्याच कागदावर सहीपूर्वी घालून घ्यावे.