आरोपीपाशी आधी पोच

आगरदांडा

चि. बायस,


अलिबागला आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात रुजू झालीस, फार आनंद झाला. म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच ते आहे. पहिल्यांदा हजर केल्यावर मॅजिस्ट्रेटने आरोपीला हा हक्क समजावून सांगायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात बजावलं. तरी आपल्याकडचा खलाशी किंवा डोंगरावरचा कातकरी पकडला गेला, की घरची माणसं आधी दागिना गहाण टाकायला धावतात. रिमांडच्या दिवशी त्यांच्यापाशी तू आधी पोच.

पण आरोपीच्या बाजूने नुसतं उभं राहून भागत नाही गं. २००३ च्या गुन्ह्याचा एक खटला काढून वाच. आरोपी होते भटक्या समाजातले सहा गरीब मजूर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशी ठरवली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने तपासाच्या सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते! ही गोष्ट कागदांत होती. तिला वजन मिळून २०१९ मध्ये तेच न्यायालय त्यांना निर्दोष सोडेपर्यंत सोळा वर्षं गेली. प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. तारुण्य कोण देणार? तेव्हा चार्जशीटचं पान न् पान वाच. हिराकोटच्या तुरुंगात जाऊन आरोपीशी बोल, त्याच्या बोलीत बोल. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीला निदान सात दिवस द्यावेत, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच ठरवलंय. कोर्टाला घाई असली तरी वेळ मागायला संकोचू नकोस.

घरच्यांनी पैसे पुढे केले तर परत कर. तुझं मानधन ठरलेलं आहे, हे त्यांना नीट सांग.

शिक्षा झालीच, तर निकालाची नक्कल कैद्याच्या हातात पडली का, ते स्वतः बघ. हॉस्कॉट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, आणि अपील आलं चार वर्षांहून उशिरा. नक्कल दिली, असं तुरुंगाचं म्हणणं. मिळालीच नाही, असं कैद्याचं. सहीची पोच कुणाकडेच नव्हती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं, पण नक्कल मोफत द्यायची, कैद्याची लेखी पोच घ्यायची आणि गरजूला अपिलासाठी वकील द्यायचा, हे त्याच निकालात घालून दिलं. ती पोच तू दर वेळी मागून बघत जा.

तुझा,
मामा