आधी पोटोबा, मग कोराकुएन

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ज्या बागेच्या धर्तीवर केलंय ती मूळ बाग जपानात, ओकायामाला आहे. नाव कोराकुएन, १७०० साली पुरी झालेली. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे ओसाकाला आल्या आणि त्यांनी ही बाग बघायचीच असं ठरवलं. त्या रोज सकाळी पुण्याच्या बागेत फिरायला जातात, त्यामुळे हा जणू माहेरचा मामला. मी म्हटलं, ओकायामापर्यंत जातोच आहोत तर पूल ओलांडून शिकोकु बेटावर जाऊ, ताकामात्सुला उदोन खाऊ. ताकामात्सु ज्यात येतं तो कागावा हा जपानातला सगळ्यात लहान प्रांत. त्याचं जुनं नाव सानुकी, आणि सानुकीचे उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्याशुभ्र शेवया. बेत असा की सकाळी बाग, दुपारी उदोन. माझं चुकलं ते इथेच.

बागेत सासूबाई प्रत्येक पुलावर थांबल्या. "आपल्याकडचं पाणी याच्यापेक्षा बरं वाहतं," हेही म्हणून झालं. तिथून निघायलाच बारा वाजले. मरीन लायनर गाडी ओकायामाहून तासाभरात ताकामात्सुला पोचवते. वाटेत १९८८ साली सुरू झालेला सेतो पूल लागतो, खाली समुद्र आणि बेटंच बेटं. तो बघण्यात भूक विसरली. मग ठरवलेल्या दुकानासाठी कोतोदेनची छोटी लोकल, पुढे पायपीट. दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो तर दारावरचा कापडी पडदा उतरवलेला आणि काचेवर हाताने लिहिलेला कागद : आजचे उदोन संपले.

सासूबाई म्हणाल्या, "हे पुण्याचेच दिसतात. एक ते चार!"

फरक एवढाच की हे चार वाजता पुन्हा उघडत नाहीत. कागावात उदोन हे मुळात सकाळचं आणि दुपारच्या जेवणाचं खाणं. कितीतरी दुकानं सकाळीच उघडतात आणि दोन-अडीचला, किंवा त्या दिवशीची कणीक संपली की, बंद होतात. मळलेला गोळा मुरवावा लागतो, त्यामुळे संपला म्हणून लगेच दुसरा भिजवला असं करता येत नाही. सुट्टीचा वारही दुकानागणिक वेगळा, तेव्हा एकाच दुकानावर विसंबू नका, जवळचं दुसरं हेरून ठेवा. ओसाकाहून सहाच्या शिंकानसेनने निघालात तर आठच्या सुमारास ताकामात्सुला उतरता. बाग परतीच्या वाटेवर बघा, ती कुठे जात नाही. वाऱ्याचा मात्र अंदाज घ्या. जोराचा वारा सुटला की पुलावरच्या गाड्या थांबवतात, म्हणून परतीसाठी शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नका.

त्या दिवशी स्टेशनाजवळचं एक दुकान उघडं मिळालं आणि तिथे दुसरी फजिती झाली. सासूबाई पक्क्या शाकाहारी. मी त्यांच्यासाठी नुसता रस्सा आणि शेवया असा साधा 'काके' घेतला. त्यांनी वाडगा तोंडाशी नेला, थबकल्या आणि खाली ठेवला. "यात सुकट आहे." त्यांचं बालपण रत्नागिरीचं. शेजारच्या अंगणातल्या वाळवणाचा वास त्या सत्तराव्या वर्षीही विसरलेल्या नाहीत. आणि खरंच होतं ते. सानुकीचा रस्सा, म्हणजे दाशी, 'इरिको'ची करतात. आपल्या मांदेलीच्या कुळातली ही बारीक मासळी उकडून वाळवतात. याच प्रांतातल्या इबुकी बेटाची इरिको नावाजलेली आहे. मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं जपानात समजू नये. थंड शेवयांसोबत येणाऱ्या बुडवायच्या पाण्यातही दाशी असते. शाकाहाऱ्यांनी 'किजोयु' मागावा, म्हणजे शेवयांवर नुसता सोया सॉस. पण त्यातही कधी दाशी मिसळलेली असते. "दाशी हाइत्तेमासु का?" असं विचारा. शेजारी मांडलेल्या तळणीत रताळं असतं, भोपळा असतो, पण कढई एकच. ते चालत असेल तरच घ्या.

दोन महिन्यांनी नवरा आणि मी पहाटे निघून पुन्हा गेलो. आठ वाजता रांगेत चार माणसं, सगळी कामावर जाणारी. दुकान आपल्या हाताने घ्यायचं. काउंटरवरून वाडग्यात थंड शेवयांचं एक वेटोळं मिळतं. ते लांब दांड्याच्या खोल गाळणीत टाकून उकळत्या पाण्यात बुडवायचं, दहा आकडे मोजायचे, झटका देऊन पाणी निथळायचं, मग नळ फिरवून रस्सा घ्यायचा. हो, दाशीला नळ असतो! मी गाळणी पाहिलीच नाही. थंड वेटोळ्यावर सरळ गरम रस्सा सोडला. मागच्या आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा वाडगा घेतला, रस्सा दुसऱ्या वाडग्यात ओतला, शेवया गाळणीत टाकून दोनदा हलवल्या आणि सगळं पुन्हा जुळवून हातात दिलं. वर चिरलेली पात आणि किसलेलं आलं त्यांनीच घातलं.

नवऱ्याने 'दाई' मागितला होता, म्हणजे तीन वेटोळी. त्यावर दोन भजी. नऊ वाजता त्याचा दिवस संपला. दुसऱ्या दुकानात तो बाहेर बाकावर बसून राहिला. पहिल्या दुकानात नेहमी 'शो' घ्या, एकच वेटोळं. दोन दुकानांच्या मधे चाला. कोनपिरा देवस्थानाच्या ७८५ पायऱ्या त्याच प्रांतात आहेत, भूक परत आणायला तेवढ्या पुरतात. आणि तिथली माणसं चावत बसत नाहीत, सुर्रकन ओढून घशाखाली उतरवतात. आवाज झाला तर होऊ द्या. खाऊन झालं की आपला वाडगा आपण परत नेऊन ठेवायचा. खिशात नाणी असू द्या, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

येताना स्टेशनावरून अर्धवट वाळवलेल्या शेवयांचं एक पाकीट आणलं. सासूबाईंनी त्या उकडून, त्यावर जिरं-हिंग-मिरचीची फोडणी दिलेलं आमसुलाचं सार ओतलं. वाडगाभर ओरपून म्हणाल्या, "हे जमलंय, पण खारट कसं झालं?" उदोनच्या कणकेत मीठ मुळातच असतं, आणि त्यांनी सवयीने उकळत्या पाण्यात आणखी मूठभर टाकलं होतं.