आधी साल, मग रंग

दिवाळीत किल्ला केलेल्या हाताला माती कळते. शिरूर-दौंडकडच्या पोरांनी विटा-दगडांवर गोणपाट टाकून, चिखल लिंपून, वर अळीव पेरलेले असतात. म्हणून पुढे टेबलावरच्या युद्धखेळाचा नाद लागला आणि दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश मॅटिल्डा रणगाडा साडेपाच सेंटिमीटरचा होऊन हातात आला, की त्याचा बेस करणं त्यांना सोपं वाटतं. घोटाळा नेमका इथेच होतो.

भीमाकाठची काळी माती फेविकॉलमध्ये कालवून थापली, की ओली असताना देखणी दिसते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच बेसलाही पडतात आणि पुठ्ठ्याच्या कडा वर वळतात. त्यापेक्षा मुरूम बरा. तो उन्हात खडखडीत वाळवायचा, चहाच्या जुन्या गाळणीतून चाळायचा आणि पुठ्ठ्याऐवजी दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफवर चिकटवायचा. नंतर त्यावर रंग द्यायलाच हवा, कारण आपला दगड काळा बेसॉल्ट आहे आणि मॅटिल्डा जिथे लढले ते इजिप्त-लिबियाच्या सरहद्दीवरचं वाळवंट फिकट चुनखडीचं. दौंडची माती मातीच्या रंगात सोडली, तर रणगाडा पाटसच्या शिवारात उभा दिसतो.

रंगाचंही तसंच आहे. ‘ब्रिटिश रणगाडा’ एवढंच ठरवून डबी उघडली, की काम फसतं. १९४० साली फ्रान्समध्ये गेलेल्या रणगाड्यांवर खाकी हिरवा आणि गडद हिरवा असे दोन रंग होते. ओळखीसाठी पांढरे चौकोन होते. २१ मे १९४० रोजी आरासजवळ लढलेल्या चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या टरेटवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले असत. हे डोळे काढायला मन धावतं, पण इतर रेजिमेंटांच्या गाड्यांवर ते शोभत नाहीत, चुकीचेच ठरतात.

वाळवंटात १९४०-४१ मध्ये ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाची तिरंगी रचना आली. सगळ्या गाडीवर फिकट दगडी रंग आणि त्यावर सरळ कडांचे तिरके पट्टे, एक रुपेरी करडा, दुसरा पाटीसारखा गडद. इथे जगभरचे हौशी फसले. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधल्या मॅटिल्डावर निळे पट्टे दिले गेले आणि मॉडेलवाल्यांनी तोच निळा उचलला. मूळ यादीतला रंग मात्र हिरवट झाक असलेला करडा. पट्टे कुठून कुठे जायचे हेही गाडीच्या प्रकारानुसार ठरलेलं होतं, म्हणून अंदाजाने ओढू नयेत. आधी फिकट, मग करडा, शेवटी गडद असा क्रम धरला की कडा सावरता येतात.

या गाड्या आपल्यापासून दूरच्या आहेत असं मानण्याचं कारण नाही. ९ डिसेंबर १९४० रोजी निबैवाच्या इटालियन छावणीवर सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे मॅटिल्डा घुसले, ते चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या पायदळासोबत. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला मराठा पलटणीतले जवान लढले आणि तिथेही मॅटिल्डा होते. केरेनचा देखावा करायचा असेल, तर वाळू बाजूला ठेवावी. ती डोंगरी खिंड आहे. तिथे खडक हवेत, काटेरी झुडपं हवीत. आपल्या माणसांच्या लढाईचा बेस तरी चुकू नये, असं मनापासून वाटतं.

खरा मॅटिल्डा पाहायला शिरूरकरांना फार लांब जावं लागत नाही. नगर रोडने पुढे गेलं की अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय लागतं. दौंडकरांना मनमाडकडे जाणारी रेल्वे सोयीची. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल एकाच ठिकाणी पाहता येतात. तिथला रंग उतरवून घेऊ नये, तो प्रदर्शनासाठी दिलेला असतो. आकार मात्र डोळे भरून पाहावा. मॅटिल्डाच्या बाजूच्या जाड चिलखताला वरच्या अंगाला चिखल घसरून पडण्यासाठी रांगेने उतरत्या खाचा आहेत. ब्रशने धूळ-चिखल दाखवायचा तो या खाचांखाली ओघळत आलेला. सगळ्या अंगावर सारखी तपकिरी धूळ फासली, की गाडी मळकट दिसते, चाललेली दिसत नाही.

राहता राहिलं वार्निश. पावसाळी दमट हवेत मॅट स्प्रे मारला, की त्यावर पांढरट साय धरते आणि झालेलं काम झाकोळून जातं. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं घडतं: थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. शिरूर-दौंडला उन्हाळ्यात सकाळी लवकर, वारा पडलेला असताना फवारावं. पावसाळ्यात डबी बाजूला ठेवून ब्रशने लावायचं पाण्यावरचं वार्निश घ्यावं, आणि तेही आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावं.