पुनवेला नको, अष्टमीला या

घरात दुर्बीण आहे म्हटल्यावर औंधची मंडळी हमखास कोजागरीला येतात. आणि चंद्र बघायला त्याच्याइतकी वाईट रात्र नाही. पुनवेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून सरळ पडतो, सावल्याच राहत नाहीत. विवरं, डोंगर सगळं सपाट दिसतं, डोळे मात्र दिपतात. माणसं निराश होऊन उठतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पाहुण्यांना शुद्ध अष्टमीला बोलवा. त्या संध्याकाळी उजेड-अंधाराच्या सीमेलगत टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही विवरं ओळीनं सापडतात. टॉलेमियसचा तळ सपाट, सुमारे दीडशे किलोमीटर रुंद. अल्फॉन्ससच्या मधोमध सुळका. चंद्राच्या विषुववृत्तावर पहाट ताशी साधारण 15 किलोमीटरनं पुढे सरकते. जेवून परत डोळा लावलात, तर मघा काळोखात असलेलं एखादं शिखर उजळलेलं दिसेल. त्यातही चैत्रातली अष्टमी धरा, तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. आश्विनात तो दक्षिणेला बराच खाली राहतो.

तापलेल्या स्लॅबवर मात्र दुर्बीण मांडू नका. आपल्या खटाव भागातलं ऊन स्लॅबमध्ये मुरतं आणि रात्री उशिरापर्यंत वर येत राहतं. विवरांच्या कडा वाहत्या पाण्याखाली असल्यागत थरथरतात. परसातली माती बरी. यमाईच्या डोंगरावर न्यावीशी वाटते, पण तिथल्या वाऱ्यात ट्रायपॉड ठरत नाही. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आरसा निवायला हवा. खोक्यावरच्या चारशे-पाचशे पटींना भुलू नका. आरसा जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट. एरवी पन्नास ते शंभर पट पुष्कळ.

दुर्बिणीतून फोटो घेताना मोबाइल काळं आकाश बघून उजेड वाढवतो आणि चंद्र पांढराफटक होतो. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून उजेड उतरवा, टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. एका फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. हवा क्षणभर ठरते तेव्हाच्या फ्रेम निवडून एकावर एक रचणारी ऑटोस्टॅकर्टसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पुण्याच्या सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूनं 2021 च्या मे महिन्यात पन्नास हजारांहून अधिक प्रतिमांतून एक चंद्र घडवला. त्यातले निळे-तपकिरी रंग तिथल्या खनिजांचे आहेत, निळसर भागात टायटॅनियम जास्त. त्या कामाला 186 जीबी जागा लागली होती, तेव्हा व्हिडिओ सुरू करण्याआधी मोबाइल रिकामा करून घ्या.