विहिरीचं झाकण आणि होस्टेलची टाकी

पावसाळा आला की प्रत्येक विंगमध्ये दोन-चार जण तापाने आडवे होतात. मग आपण गटाराला नावं ठेवतो आणि उदबत्ती लावून झोपतो! पण डास येतात कुठून? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या फोर्ट भागात हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर आपल्याही कामाचं आहे.

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. घाण आणि दूषित हवेतून रोग होतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून तपासणी पथकं घरोघर फिरली, गटारं कार्बॉलिक आणि समुद्राच्या पाण्याने धुतली गेली. प्लेग मात्र थांबला नाही. कारण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरत होता! पुण्यात तर घरझडतीतल्या जुलमाने लोक इतके चिडले की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. थोडक्यात, निदान चुकलं आणि वागणूकही चुकली, तर तपासणी म्हणजे नुसता जाच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात पाहिला. आता काय शोधायचं ते कळलं. पुढे मुंबईत मलेरिया वाढला, तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी पाहणी केली. त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला. निष्कर्ष चक्रावणारा होता. मलेरियाचा डास गटारात नव्हे, तर विहिरी आणि हौदांच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता! या डासाचं नाव अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्साय. शहरी मलेरियाचा हा आजही मुख्य वाहक आहे.

मग विहिरी बुजवायच्या? विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांचं नळाचं पाणी आलेलं होतं, म्हणून तसं म्हणता तरी येत होतं. पण हिंदू आणि पारशी दोघांनाही धार्मिक विधींसाठी विहिरीचं पाणी लागायचं. विरोध झाला. शेवटी काही ठिकाणी मधला मार्ग निघाला. विहीर पूर्ण झाकायची, पाणी काढायला बारीक जाळीचं दार ठेवायचं. पाणी मिळालं, श्रद्धा राहिली आणि डासाची वाट बंद झाली. याला म्हणतात डिझाइन! १७२५ साली बांधलेली भिखा बेहराम विहीर आजही चर्चगेटजवळ आहे, जाता-येता जरूर पाहा.

आता आपल्या गच्चीवर या. प्लॅस्टिकची टाकी म्हणजे आजची विहीरच की! झाकण फुटलेलं, ओव्हरफ्लो पाइप उघडा, टाकीवर चढायला शिडी नाही, मग तपासणार कोण? अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पुरतो. रविवारी अर्धा तास काढा :

१. टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ते बघा.
२. ओव्हरफ्लो आणि व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.
३. कूलर व बादल्या रिकाम्या करून घासून वाळवा. डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.
४. साठलेल्या पाण्यात टॉर्च मारा. अळी पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर अ‍ॅनोफिलीस, डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा डेंगीवाला एडिस.

रेक्टर सरांना आणि मेंटेनन्सच्या काकांनाही एक विनंती. खोल्या तपासायला जरूर या, पण आधी सांगून या आणि काय सापडलं ते मुलांना दाखवा. ज्याने स्वतःच्या कूलरमध्ये वळवळणारी अळी पाहिली, त्याला पुन्हा नोटीस लावावी लागत नाही.

तर मंडळी, या रविवारी गच्चीवर भेटू. टॉर्च घेऊन या!