नाळ कापणारे हात



शिरूर कासारच्या वस्त्यांत आम्ही बाळंतिणींच्या भेटीला जातो, तेव्हा घरातली आजी हमखास म्हणते, "आमच्या वेळी कुठं होते दवाखाने?" तिच्या आईच्या वेळी तर नव्हतेच. या पानावर आज त्या काळाविषयी बोलू, कारण त्यातले बरेच काही अजून आपल्या घरात आहे.

१८८५ साली लेडी डफरिनने हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि दवाखान्यांचा फंड काढला. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पण हे सगळे शहरातले. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सिंदफणेकाठच्या बाईची सुटका करायला सुईणच यायची.

ही सुईण कोण? महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत ती मातंग समाजातली असे. रक्त, वार, नाळ हा विटाळ मानला, म्हणून ते काम अस्पृश्य बाईच्या माथी. एरवी जिला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, तिला अडल्या रात्री आत बोलवायचे. बाळ हाती आले की घर सारवून तिचा स्पर्श पुसायचा. मोबदला थोडे धान्य, जुने लुगडे. बाळ दगावले तर बोल मात्र तिलाच. आपल्या या आज्यांचे हात अनुभवी होते. आडवे मूल पोटावरून चाचपून ओळखणाऱ्या सुईणी आम्हीही पाहिल्या आहेत. त्यांना कोणी शिकवले नाही, हा दोष त्यांचा नाही.

आता व्हिएन्नाची गोष्ट ऐका. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते, एक डॉक्टरांचा, एक सुईणींचा. जास्त बायका डॉक्टरांच्या वॉर्डात मरत! डॉ. सेमेलवाईस यांनी कारण शोधले. शिकाऊ डॉक्टर प्रेते फाडून तसेच बाळंतिणीला हात लावत. १८४७ साली त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. शंभरात दहाच्या वर जाणारे मृत्यू दोनाच्या आसपास आले. म्हणजे घाण होती ती न धुतलेल्या हातावर. जातीचा, विटाळाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आपल्याकडे नाळ विळ्याने कापत, वर राख किंवा शेण लावत. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. असे बाळ पहिले दोन दिवस चांगले पिते, मग जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होऊन झटके येतात. बहुतेकदा हे पहिल्या आठवड्याच्या आसपास घडते, म्हणजे नेमके पाचवी पुजल्यानंतर. लोक म्हणत, सटवाईने नेले. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस दिली की बाळालाही संरक्षण मिळते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे मान्य केले. सटवाई बिचारी आहे तिथेच आहे.

बाबासाहेबांच्या घरानेही हे दुःख भोगले. ते चौदावे अपत्य, आणि आई भीमाबाई ते लहान असतानाच गेल्या. रमाईंच्या पाच मुलांतून एकटे यशवंत वाचले. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये कायदा झाला, पण तो मुंबई इलाख्यातल्या गिरण्या-कारखान्यांपुरता. निजामाच्या मुलखातल्या आपल्या आज्या बाहेरच राहिल्या.

आणि आज? आपल्या तालुक्यातून कारखान्याला जाणारी ऊसतोड बाई कुणाच्या पटावर आहे? नवराबायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून, आणि एक दिवस पडून राहिली तर खाडा. आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी असते. प्रसूती रजेचा कागद तिच्यापर्यंत पोचत नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे, आम्ही ती लावतोच आहोत.

तोवर एवढे करा. दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे नोंद करा आणि धनुर्वाताची लस घ्या. एका महिन्याच्या अंतराने दोन डोस. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नका, ती कोरडी ठेवा. बाळंतिणीला ताप, घाण वासाचे जाणे, किंवा कपड्यामागून कपडा भिजवणारा रक्तस्राव झाला तर 'बाहेरचे' समजून थांबू नका, १०८ ला फोन करा. सव्वा महिना उलटेपर्यंत हा धोका असतो.

कारखान्यावर निघालात तर माता-बाल कार्ड सोबत घ्या. ते दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यातही लस आणि तपासणी मिळते. कार्ड ट्रॅक्टरवरच्या पेटीत टाकू नका, कमरेच्या पिशवीत ठेवा.